ऊठ म्हणायचं राहिलं

पुंजाराम चितारी रोज एक छबी काढायचा. गिऱ्हाईक असलं तरी आणि नसलं तरी. सकाळचं ऊन ओसरीच्या तिसऱ्या पायरीला लागलं की याची पेटी अंगणात तीन पायांवर उभी. लोक अंघोळ करून देवाला पाणी घालतात, हा काचेला घालायचा, एवढाच काय तो फरक.

त्याचं घर अमरावतीत, नागपुरी गेटाच्या आतल्या बोळात. दिवस तेजीचे होते. तिकडे अमेरिकेत कसली तरी लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आपल्या वऱ्हाडातल्या कापसावर सगळं जग तुटून पडलं होतं. पहाटेपासून गाड्यांची रांग गेटातून आत यायची ती दिवस कलेपर्यंत. बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, आणि हवेत कापसाचं तूस. भाकरीवर तूस, पाण्यात तूस, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवरसुद्धा तूस. पुंजारामाला त्या तुसाचा फार राग. ओल्या काचेवर एक तंतू पडला की गेली छबी कामातून.

त्याचे बाप-आजे भिंतींवर देव रंगवायचे. हा मात्र अकोल्याला कापूस खरेदी करायला आलेल्या एका साहेबाच्या हाताखाली वर्षभर राहिला आणि पेटी शिकून आला. साहेब तापानं बेजार होऊन मायदेशी गेला, जाताना पेटी आणि बाटल्या याला देऊन गेला. काचेवर आधी कापसाचा चीक ओतायचा. हसू नका, खरोखर कापूसच तो, तेजाबात भिजवून, धुऊन, वाळवून, झोंबऱ्या वासाच्या अर्कात विरघळवलेला. मग अंधाऱ्या कोठडीत काच चांदीच्या पाण्यात बुडवायची, आणि ती वाळायच्या आत सगळं उरकायचं. काच पेटीत सरकवून भिंगावरचं टोपण काढायचं, बारा आकडे मोजायचे, टोपण लावायचं, पुन्हा कोठडीत पळून काच औषधानं धुवायची. काचेमागे काळं कापड धरलं की आत बसलेला माणूस दिसायला लागायचा. चांदीच्या पाण्यानं पुंजारामाची बोटं कायमची काळी झाली होती. नवी काच मुंबईहून यायची, म्हणून रोजची सरावाची छबी तो पाहायचा, आणि संध्याकाळी खरवडून तीच काच पुन्हा वापरायचा.

त्याचं नाव झालं ते मात्र मेलेल्यांच्या छब्यांमुळे. प्रेतांच्या नव्हे बरं. झालं असं की धामणगावकडचे खुशालराव म्हणून एक मोठे कास्तकार होते. कापसानं घरात सुबत्ता आली आणि बाप नेमका त्याच्या आदल्या साली वारला. बापाची छबी हवी, पण बाप कुठून आणायचा? तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला, शेषरावला, बापाची पगडी घातली, बापाचा अंगरखा घातला, बापाची काठी हातात दिली आणि खुर्चीवर बसवलं. चेहरा बापाच्या वळणाचा होताच. खुशालराव हात जोडून बापाच्या नावानं म्हणाले, "दादाजी, बसा." पुंजारामानं बारा मोजले. छबी इतकी हुबेहूब उतरली की खुशालराव लहान पोरासारखे रडले.

शेषराव उठायला लागला तशी त्यांची म्हातारी आई ओरडली.

"थांब! तसा उठू नको. खुशाल, त्याले त्याच्या नावानं उठव."

"काहून वं माय?"

"दुसऱ्याच्या नावानं बसवलं, तं त्याच्या सोताच्या नावानं उठवा लागते. नाई तं मानूस बसूनच रायते."

खुशालराव म्हणाले, "ऊठ, शेषराव." शेषराव उठला, पगडी काढली, घाम पुसला. झालं. पण तेव्हापासून पुंजारामानं तो नेमच करून टाकला. एका वर्षात अशी वीस-पंचवीस घरं आली. कुणी काकाच्या जागी पुतण्या बसवी, कुणी सासूच्या जागी नणंद. पुंजारामाचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं तर आपलं काय जातं? मेलेल्याच्या नावानं बस, जित्याच्या नावानं ऊठ.

त्याला दोन पोरी. थोरली दुर्गा अकरा वर्षांची, धाकटी सत्यवती नऊ. दुर्गी म्हणजे वारा नुसता. सत्यवती शांत, बहिणीच्या मागे मागे फिरणारी. मैनाबाई, त्यांची आई, नेहमी नवऱ्याला म्हणायची, "दुनियेच्या छब्या काढता, पोरीईची एखांदी काढा न." पुंजारामाचं उत्तर ठरलेलं, "नवी काच आली की काढतो."

चैत्रात गावात पटकी आली. पुंजाराम तेव्हा अकोल्याला कापसाच्या गाठी दाबायच्या नव्या यंत्राच्या छब्या काढत होता. सांगावा पोचला आणि तो तिसऱ्या दिवशी घरी आला, तोवर दुर्गीला पोचवून आले होते. सकाळी पोटात दुखतं म्हणाली आणि दिवेलागणीला गेली.

पुंजाराम रडला नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या त्याला, नाही तर आत साठेल. पण आत काही साठलेलंच नव्हतं. आत काहीच नव्हतं. जेवायला वाढलं की तो जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. चौदाव्या दिवशी त्यानं पेटी काढली, सत्यवतीला हाक मारली आणि दुर्गीचा लाल परकर आणि हिरव्या खणाची चोळी तिच्या हातात दिली.

"हे घाल अन् खुर्चीवर बस."

चोळी तिला खांद्यावर ढगळ झाली. ती बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते, हात गुडघ्यांवर ठेवले. पुंजाराम पेटीमागून म्हणाला, "दुर्गे, बस." बारा मोजले. टोपण लावलं. आणि मग "ऊठ, सत्यवती" म्हणायचं, तर त्याच्या जिवावर आलं. आत्ता ती दुर्गी होती. ऊठ म्हटलं की दुर्गी पुन्हा जाणार. म्हणून तो काहीच न बोलता काच घेऊन कोठडीत शिरला. पोरगी थोडा वेळ वाट पाहून आपली आपण उठली.

काचेवर सत्यवतीच आली होती, बहिणीच्या कपड्यांत. संध्याकाळी त्यानं ती खरवडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरगी कुरकुर न करता बसायची, कारण बाप दिवसभरात तेवढेच दोन शब्द बोलायचा.

ज्येष्ठ सरता सरता एका काचेवरची पोर वेगळी दिसली. कपाळ जरा अरुंद, हनुवटी टोकदार. पुंजारामानं ती उजेडात धरली, तिरपी करून पाहिली. चितारी होता तो, चेहऱ्याची मापं त्याच्या बोटांत होती. दुर्गीची हनुवटी होती ती.

त्याला धडकी भरली नाही की आनंद झाला नाही. त्यानं आधी कारण शोधलं. काच नीट खरवडली नसेल तर जुनी छबी नव्या छबीतून डोकावते, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या काचेवर दुर्गी कधी बसलीच नव्हती. उन्हाचा फरक असेल म्हणून त्यानं खुर्ची सरकवली. मग मुंबईहून काचांचं नवं कोरं खोकं आलं. त्यातली, कुणाचाही हात न लागलेली काच काढली, राखेनं तीनदा घासली.

त्या काचेवर तर दुर्गी हसायच्या बेतात होती.

समोर खुर्चीवर बसलेली सत्यवती हसत नव्हती. ती आताशा हसतच नसे. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वळायची, तीही आपल्याला नाही, मागच्या कुणाला बोलावतायत की काय असं पाहून. आषाढ लागला तसं तेही थांबलं. बसवलं तिथे बसायची. चुलीपुढं बसवलं तर चुलीपुढं, विहिरीच्या काठावर बसवलं तर तिथं, पाऊस आला तरी.

मैनाबाईनं एकदा तिला चिंब भिजलेली उचलून आत आणली आणि नवऱ्यापुढे उभी केली.

"अवो, पाहा इच्याकडे. उठवल्याबिगर उठत नाई पोरगी. तुमी सकाळी तिले उठवता का नाई, तिच्या नावानं?"

"उठतेच की ती."

"म्या काय इचारून राहिले? नावानं उठवता का?"

पुंजारामानं मान हलवली, नाही म्हणून. खोटं बोलायचंही त्याच्या मनात आलं नाही.

"लोकाईच्या मानसाले उठवता," मैनाबाई म्हणाली, "अन् आपल्या लेकराले नाई. बाप हाय का कोन हाय तुमी?" तिचा आवाज फाटला. "एक गेली. ते देवानं नेली. हे तुमी नेऊन राहिले."

दुसऱ्याच दिवशी तिनं दमणी सांगितली आणि पोरीला घेऊन मोर्शीला भावाकडे निघाली. पोरगी गाडीत बसवली तशी बसून होती. पुंजाराम दारात उभा राहिला. थांब म्हणावंसं वाटलं नाही, जा म्हणावंसंही वाटलं नाही. गाडी गेटाबाहेर वळली आणि तो आत आला.

सकाळी ऊन तिसऱ्या पायरीला लागलं. हाताला सवय. त्यानं काच धुतली, चीक ओतला, चांदीत बुडवली. रिकाम्या खुर्चीपुढं टोपण काढलं, बारा मोजले, टोपण लावलं. बस म्हणायला कुणी नव्हतंच.

कोठडीत काच धुताना आधी खुर्चीची पाठ उमटली. मग लाल परकराचा घोळ. मग गुडघ्यांवरचे हात.

दुर्गी आली म्हणून तो काच घेऊन उजेडात आला. काळं कापड मागे धरलं.

दुर्गी नव्हती. सत्यवती होती. खांद्यावरून ढळलेली चोळी, रुंद कपाळ, पहिल्या दिवशी बसली होती तशीच अंग चोरून. बापाकडे बघत.

त्यानं नवी काच घेतली आणि त्याच दिवशी पुन्हा काढली. तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चौदा दिवस तेच. अंगणातली खुर्ची रिकामी, तिच्यावर कापसाचं तूस साचलेलं, त्यावर बसल्याची खूणसुद्धा नाही. आणि काचेत पोर. या काचा मात्र त्यानं खरवडल्या नाहीत. ओसरीवर भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या.

पंधराव्या दिवशी दमणी परत आली. गाडी थांबायच्या आत पोरगी उडी मारून खाली उतरली आणि धावत आली.

"बाबा! मामानं मले घोड्यावर बसवलं! म्या एकटी गेली नदीपावतर!"

पुंजारामाचे हात आपोआप पुढे झाले आणि पोरगी त्यात येऊन आदळली. उन्हाचा, धुळीचा, गुळाचा वास. कपाळ अरुंद. हनुवटी टोकदार. त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात हललं की त्याला ओसरीच्या खांबाला धरावं लागलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला काही वाटलं होतं.

ती घरात शिरली आणि सरळ भिंतीतल्या देवळीत हात घालून, मागच्या बाजूनं, चैत्रात लपवून ठेवलेल्या काचेच्या गोट्या काढून खेळायला लागली. त्या गोट्या तिथं आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकटीला, आणि ती पटकीनं गेली होती.

मैनाबाई सामान उतरवत होती. नवऱ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "काई इचारू नका."

"मैना..."

"तिसऱ्या दिवशी सकाळी उठली अन् मले मने, माय, भूक लागली. दुर्गीच्या आवाजात. मंग म्या दुर्गी मनून हाक मारली. तं ओ देल्ली."

पुंजारामानं तिचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं. चौदा दिवसांच्या काचा. मैनाबाईनं एक उचलली. बराच वेळ पाहिलं. पदरानं हळूच काच पुसली, पोरीचं तोंड पुसावं तशी. मग ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. सगळ्याच.

"तिले ऊठ मनू नका," ती म्हणाली.

"अवं, ते पन आपलीच..."

"व्हय. आपलीच हाय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज दगड झाला होता. "पन तुमी ऊठ मनसान, तं हे जाईन. तुमी अकोल्याले होते. हिचे हातपाय गार पडले ते म्या पाह्यले. हिले एकदा पोचवली, दुसऱ्यांदा नाई पोचवत मी. मले जमत नाई."

आतून पोरीच्या हसण्याचा आवाज आला. गोट्या फरशीवर घरंगळल्या.

पुंजाराम ऊठ म्हणाला नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. घर पुन्हा घर झालं. दुर्गी भांडायची, गायची, बोळातल्या गाड्यांमागे लटकायची. शेजारीपाजारी पोरीचे लाड करायचे, आणि मोठी का लहान असं कुणी कधी विचारलं नाही. पुंजाराम हसायला शिकला. पण ऊन तिसऱ्या पायरीला लागलं की रिकाम्या खुर्चीपुढं पेटी लावायचा. मैनाबाई तेवढा वेळ चुलीपाशी पाठ करून बसायची.

दसऱ्याच्या सकाळी काच धुताना त्याला दिसलं की काचेतल्या पोरीचे ओठ फुटलेत. ती वाळत चालली होती. दंड बारीक, डोळे मोठे. तिथं तिला कोण जेवायला वाढणार? कुणीच ऊठ म्हटलं नव्हतं, आणि ती आज्ञाधारक पोर, बापानं बसवलं म्हणून सहा महिने बसून होती.

पुंजाराम कोठडीत उभ्या उभ्या रडला. दुर्गीसाठी न आलेलं सगळं रडू तेव्हा आलं. मग डोळे पुसून त्यानं ठरवलं. पुढचं पुढे. जे होईल ते आपल्या माथी. पोरीला उठवायचं.

त्यानं दुसरी काच केली. टोपण काढलं. बारा मोजले. टोपण लावलं. खुर्चीपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"ऊठ..."

पुढचं नाव आलं नाही.

त्यानं पुन्हा म्हटलं. "ऊठ..." जीभ उचलली गेली आणि थांबली. ओठांवर होतं, असं वाटत होतं. त्यानं डोळे मिटले. बारशाचा दिवस आठवला, पाळणा आठवला, आत्यानं कानात वाकून नाव सांगितलं तेही आठवलं. नाव आठवलं नाही.

तो घरात गेला.

"मैना, आपल्या लहानीचं नाव काय?"

मैनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"कोन लहानी?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती काही लपवत नव्हती. खरोखरच विचारत होती.

"तुमचं काई तरीच. आपल्याले एकच पोरगी."

तो तसाच निघाला आणि कापसाच्या बाजारात खुशालरावांना गाठून तेच विचारलं. ते गाडीवर बसले होते, दोन्ही बाजूंना कापसाचे ढीग. "पुंजारामजी, दसऱ्याच्या दिवशी काय हे? तुमाले एकच तं लेक. दुर्गी न?" मोर्शीला मेव्हण्याकडे माणूस पाठवला. चार दिवसांनी तो हेच उत्तर घेऊन आला.

मग त्यानं नावं म्हणायला सुरुवात केली. खुर्चीपुढं उभं राहून, रोज, एकेक. ऊठ, गोदावरी. ऊठ, जानकी. ऊठ, रेणुका. देवींची नावं संपली, नद्यांची संपली, गावातल्या पोरींची संपली. तुम्हाला ते नाव ठाऊक आहे, मलाही आहे. पण आपण काही त्या अंगणात नव्हतो.

लढाई संपली, कापसाचा भाव पडला, गेटातली गाड्यांची रांग आटली. मेलेल्यांच्या छब्या काढून घेणारी घरं यायची थांबली. दुर्गीचं लग्न झालं, ती तेल्हाऱ्याला नांदायला गेली, तिला लेकरं झाली. पुंजारामाचे केस पांढरे झाले. रोज एक काच मात्र चुकली नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला रिकाम्या खुर्चीच्या छब्या काढायचं वेड आहे. त्यांना काचेत खुर्चीच दिसायची.

त्याला पोर दिसायची. नऊ वर्षांचीच, लाल परकरातली, पाय अधांतरी. ती कधी हलली नव्हती, इतक्या वर्षांत बोटभरही नाही.

परवाच्या काचेत तिनं एक पाय खाली टेकवलाय.